हवाई क्षेत्राचे नियम पाठ होतात, पण डोक्यात बसत नाहीत : शिकाऊ वैमानिकाची अडचण

वैनगंगेकाठी

नमस्कार मंडळी. मी विदर्भातल्या एका फ्लाइंग स्कूलमध्ये गेले अकरा महिने शिकतो आहे. स्टुडंट पायलट लायसन्स हातात आहे, सेसना १७२ वर साठेक तास झाले आहेत आणि पहिले सोलो उड्डाण होऊनही आता बरेच दिवस लोटले. माझी अडचण विमानात नाही, कागदावर आहे. डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) एअर रेग्युलेशन्सच्या, म्हणजे हवाई नियमांच्या, परीक्षेत मला ६६ टक्के गुण मिळाले आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० लागतात. घरी येऊन आठवतील तेवढे प्रश्न वहीत उतरवले, तेव्हा लक्षात आले की चुकलेल्यांपैकी बहुतेक प्रश्न हवाई क्षेत्राचे वर्ग, दृश्यमानतेच्या मर्यादा आणि उड्डाणाच्या पातळ्या या तीनच गोष्टींवरचे होते.

मी अभ्यास केला नव्हता असे नाही. 'ए' ते 'जी' हा सात वर्गांचा तक्ता मी रात्री अकरा वाजता न चुकता लिहून काढतो आणि सकाळी सहा वाजता त्यातल्या 'सी' आणि 'डी' यांची अदलाबदल झालेली असते. 'एफ' वर्गात सल्ला सेवा मिळते हे मला पाठ आहे, पण सल्ला मिळतो म्हणजे प्रत्यक्षात काय होते, असे कोणी विचारले तर मी गप्प बसतो. परवा एका नव्या मुलाने विचारले, "दादा, आपण आपल्या धावपट्टीवरून उठतो तेव्हा नेमके कोणत्या वर्गात असतो?" मी म्हणालो, "बहुतेक डी." हे 'बहुतेक' मला अजून टोचते आहे.

आपल्यापैकी कोणी वैमानिक, प्रशिक्षक किंवा हवाई वाहतूक नियंत्रणातले असतील, तर आपण हा विषय कसा शिकलात ते कृपया सविस्तर लिहावे.

एकदाच_पास

मित्रा, एवढा त्रास करून घेऊ नकोस. बाजारात प्रश्नसंच मिळतात, ते तीन वेळा सोडव. निगेटिव्ह मार्किंग नाही. मी एकदाही एआयपी, म्हणजे हवाई क्षेत्राची अधिकृत माहितीपुस्तिका, उघडली नाही आणि पहिल्याच फटक्यात उत्तीर्ण झालो. 'डी' वर्गात कंट्रोलर सगळ्या विमानांना एकमेकांपासून दूर ठेवतो, एवढे लक्षात ठेवले तरी चार प्रश्न सुटतात.

उजव्या_सीटवरून

मी प्रशिक्षक आहे. वरचा प्रतिसाद वाचून राहवले नाही म्हणून लिहिते आहे. प्रश्नसंच सोडवायला माझा विरोध नाही, मीही सोडवले आहेत, पण त्या प्रतिसादातले शेवटचे वाक्य चुकीचे आहे आणि ते विमानात बसून खरे मानणारा मुलगा धोक्यात येऊ शकतो. त्याबद्दल येथे कोणी नियंत्रक असतील तर ते अधिक अधिकाराने सांगतील. मी माझ्या पद्धतीबद्दल लिहिते.

आमच्याकडे नवीन मुले आली की पहिल्या आठवड्यात मी त्यांना गच्चीवर नेते. तेथून गावाबाहेरची पाण्याची टाकी दिसते आणि ती आमच्या गच्चीपासून ५ किलोमीटरवर आहे. टाकी दिसत नसेल, तर त्या दिवशी दृश्य नियमांखालील, म्हणजे डोळ्यांनी बाहेर पाहून करायचे, उड्डाण नाही, मग आकाश डोक्यावर कितीही निळे दिसो. डिसेंबरच्या सकाळी धुरकट हवेत ती टाकी कधी असते, कधी नसते, कधी फक्त तिची सावली असल्यासारखे वाटते. आठ दिवस रोज सकाळी पाहिले की '५ किलोमीटर' हा आकडा पाठ करावा लागत नाही. '१५०० मीटर' हे ढगापासूनचे आडवे अंतर असेच धावपट्टीवर दाखवता येते, कारण आमची धावपट्टी साधारण तेवढीच लांब आहे. उभे अंतर १००० फूट, म्हणजे सर्किटच्या (धावपट्टीभोवतीच्या फेरीच्या) उंचीइतके, आणि ते तर मुले रोज चढतात. दहा हजार फुटांवर गेल्यावर दृश्यमानता ५ ऐवजी ८ किलोमीटर का लागते, हा प्रश्न मग मुले स्वतःच विचारतात. तेथे विमाने अधिक वेगाने उडत असतात आणि समोरचे विमान दिसल्यापासून वळेपर्यंत जो वेळ हाती राहतो तो कमी होतो, हे उत्तर बहुतेक वेळा त्यांच्यातलेच कोणीतरी देते. दहा हजार फुटांखाली २५० नॉटची वेगमर्यादा का आहे, तेही त्याच ओघात उमगते.

दुसरी गोष्ट अशी की तक्ता 'ए' पासून सुरू करू नये. आपल्या धावपट्टीवर कंपासचे टोक ठेवावे आणि बाहेर जात जात काय लागते ते पाहावे. आपला एरोड्रोम ट्रॅफिक झोन, म्हणजे धावपट्टीभोवतीचे राखीव आकाश, कुठवर आहे? त्यापलीकडे मोठ्या विमानतळाचा कंट्रोल झोन, म्हणजे जमिनीपासून वर जाणारे नियंत्रित आकाश, कोठे सुरू होतो? डोक्यावरून कोणता हवाई मार्ग जातो आणि तो किती उंचीपासून लागू होतो? एआयपीच्या ईएनआर १.४ या भागात वर्गांचे वर्णन आहे आणि ईएनआर ५.१ मध्ये निषिद्ध, निर्बंधित व धोक्याची क्षेत्रे दिली आहेत. एआयपी विमानतळ प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येते. तिच्यातले ठरावीक बदल २८ दिवसांच्या चक्राने अमलात येतात, त्यामुळे मागच्या बॅचच्या झेरॉक्सवर विसंबू नये. ही चूक मी स्वतः शिकाऊ असताना केली होती आणि तोंडी परीक्षेत चांगलीच फजिती झाली होती.

टॉवरतात्या

मी हवाई वाहतूक नियंत्रक म्हणून बत्तीस वर्षे काम करून निवृत्त झालो. ताईंनी गच्चीवरच्या टाकीचे लिहिले ते वाचून बरे वाटले, कारण टॉवरमध्येही आम्ही तेच करत असू. खिडकीजवळ खुणांचा एक तक्ता असे : अमुक देवळाचा कळस इतक्या अंतरावर, तमुक कारखान्याची चिमणी इतक्या अंतरावर. पहाटेच्या पाळीला आलेला माणूस चहा घेण्यापूर्वी त्या चिमण्या मोजत असे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. वैनगंगेकाठी, आपण सात वर्गांना सात खोल्या समजत आहात, म्हणून गोंधळ होतो. माझ्या मते प्रत्येक अक्षर पाहून स्वतःला एकच प्रश्न विचारावा : येथे कोणाला कोणापासून दूर ठेवण्याची जबाबदारी नियंत्रकाची आहे आणि कोणाची नाही? उपकरणांच्या नियमांखाली (बाहेर न पाहता, यंत्रांच्या आधारे) उडणारी आणि दृश्य नियमांखाली उडणारी, अशी दोनच प्रकारची विमाने आहेत, त्यामुळे जोड्या तीनच होतात.

'ए' मध्ये दृश्य नियमांखालील विमानाला प्रवेशच नाही, सर्व विमाने उपकरणांवर, आणि नियंत्रक सर्वांना सर्वांपासून दूर ठेवतो. 'बी' मध्ये दृश्य नियमांवाला आत येतो, पण त्यालाही सर्वांपासून दूर ठेवले जाते. 'सी' मध्ये एक जोडी गळते : दृश्य नियमांखालील दोन विमानांना आम्ही फक्त एकमेकांची माहिती देतो, त्यांनी एकमेकांना पाहून टाळायचे असते. 'डी' मध्ये दुसरी जोडी गळते. तेथे आम्ही अंतर राखतो ते फक्त उपकरणांवरील दोन विमानांमध्ये, आणि आपल्यासारखा सेसनावाला व शंभर-दीडशे प्रवाशांचे जेट विमान यांच्यात आम्ही केवळ माहिती देतो. आपल्याला परवानगी घ्यावी लागते, रेडिओवर दुतर्फा संपर्क ठेवावा लागतो, सूचना पाळाव्या लागतात, तरीही त्या जेटला पाहून टाळण्याची जबाबदारी आपली असते. एकदाच_पास, आपले वाक्य येथे चुकते.

'ई' मध्ये दृश्य नियमांवाल्याला परवानगीची किंवा रेडिओची सक्तीही उरत नाही. 'एफ' मध्ये उपकरणांवरील विमानालाही अंतराची पक्की हमी मिळत नाही. नियंत्रक आपल्याला ठाऊक असलेल्या विमानांचा विचार करून सल्ला देतो, पण ज्याने सहभाग घेतलेला नाही असे एखादे विमान तेथे असू शकते. 'सल्ला' या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. 'जी' मध्ये उरते ती उड्डाण माहिती सेवा आणि संकट आल्यास शोध-बचाव यंत्रणेला जागे करण्याची सेवा.

वरून खाली येताना आमची जबाबदारी एकेक पायरीने उतरते आणि वैमानिकाची तितकीच चढते. हे एकदा उमगले की तक्ता आपणच तयार करता येतो. मी नोकरीत असताना आपल्या एआयपीत या सातांपैकी डी, ई, एफ आणि जी हे चारच वर्ग वापरात होते. परीक्षेला बसण्यापूर्वी चालू आवृत्तीत खात्री करून घ्यावी. मोठ्या विमानतळाचे कंट्रोल झोन व टर्मिनल क्षेत्र 'डी' मध्ये, आणि ज्याला कोणतेच नाव दिलेले नाही असे उरलेले सारे आकाश 'जी' मध्ये, हा साधारण हिशेब. आपल्या त्या ज्युनियरला उत्तर देताना आपल्या धावपट्टीवर नियंत्रण सेवा आहे की नाही, हे आधी पाहावे, 'बहुतेक' आपोआप जाईल.

एक गोष्ट मात्र जोडून सांगतो. नियंत्रकाने अंतर राखले म्हणजे काम झाले, असेही मानू नये. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीवर सौदी अरेबियाचे बोइंग ७४७ आणि कझाकस्तानचे इल्युशिन ७६ ही दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि दोन्हींतले सर्व ३४९ जण गेले. दोन्ही विमाने उपकरणांवर होती, दोन्ही नियंत्रकाच्या संपर्कात होती. चढणाऱ्याला १४,००० फुटांची आणि उतरणाऱ्याला १५,००० फुटांची पातळी दिलेली होती, म्हणजे अंतर कागदावर पुरेसे होते. उतरणारे विमान दिलेल्या पातळीच्या खाली गेले. तेव्हा दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या नागरी विमानांना एकच वाट होती, कारण भोवतीचे बरेच आकाश हवाई दलाकडे होते. त्यानंतर वाटा वेगळ्या झाल्या आणि विमानांत टक्कर टाळणारे उपकरण सक्तीचे झाले. त्या आठवड्यात आमच्या खोलीत कोणीही मोठ्याने बोलत नव्हते. मी तेव्हा दिल्लीत नव्हतो, पण माइकवर आकडा उच्चारताना हात थांबत असे.

एकदाच_पास

तात्या, मान्य. त्या प्रश्नाला मला गुण मिळाले होते असे मी गृहीत धरून चाललो होतो. आता तसे वाटत नाही.

चौकस

मी वैमानिक नाही, कुतूहलाने वाचतो आहे. जमिनीवर तालुक्याची हद्द ओलांडली की निदान पाटी तरी असते. वर कसली पाटी? आणि मुंबईत मलबार हिलवरून विमाने उडत नाहीत असे ऐकले होते, ते खरे आहे का?

टॉवरतात्या

पाटी नसते, म्हणूनच नकाशा, घड्याळ आणि होकायंत्र यांवर एवढा भर असतो. अमुक गाव अमुक मिनिटाला डाव्या पंखाखाली आले पाहिजे, असा हिशेब वैमानिक निघण्यापूर्वी मांडतो. आता जीपीएस आले आहे, पण शिकाऊ मुलाला अजूनही हा हिशेब हाताने करावा लागतो आणि ते योग्यच आहे.

मलबार हिलचे आपण ऐकले ते खरे आहे. तेथील पारशी समाजाच्या दखम्यांवरचे (मृतदेह ठेवण्याच्या मनोऱ्यांवरचे) आकाश निषिद्ध क्षेत्रांच्या यादीत आहे आणि पलीकडे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रावरचेही. एक श्रद्धेचे स्थान आणि एक अणुभट्टी, दोन्ही एकाच यादीत. मुंबई उड्डाण माहिती क्षेत्रातल्या अशा जागांच्या क्रमांकापूर्वी 'व्हीए' ही अक्षरे लावतात आणि पुढे निषिद्धसाठी 'पी', निर्बंधितसाठी 'आर', धोक्याच्या क्षेत्रासाठी 'डी'. शिकाऊ मुले या 'डी'ची गल्लत 'डी' वर्गाशी करतात. दोन्हींचा संबंध नाही. निषिद्ध म्हणजे जायचेच नाही. निर्बंधित म्हणजे ठरलेल्या अटी पाळून जाता येते. धोक्याचे क्षेत्र म्हणजे ठरावीक वेळी तेथे उडणाऱ्या विमानाला धोका होईल असे काहीतरी चालू असते, उदाहरणार्थ तोफांचा सराव. देवळाली आणि अहिल्यानगरच्या बाजूला लष्कराच्या गोळीबाराच्या रेंज आहेत, त्यामुळे नाशिक-पुणे पट्ट्यात उडणाऱ्याने त्या दिवसाचे नोटाम, म्हणजे वैमानिकांसाठीच्या तात्पुरत्या सूचना, वाचल्याशिवाय चाक हलवू नये.

जमिनीवरची खूण ओळखण्यात चूक किती मोठी होऊ शकते याचे मुंबईतलेच उदाहरण आहे. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सचे डीसी-८ हे चार इंजिनांचे जेट सांताक्रूझऐवजी जुहूच्या छोट्या धावपट्टीवर उतरले. प्राणहानी झाली नाही. दोन धावपट्ट्या एकमेकींपासून काही किलोमीटरच दूर आहेत. जुने नियंत्रक ही गोष्ट नव्या मुलांना पहिल्याच दिवशी ऐकवत असत.

वाळवंटातला_कोकणी

मी मूळचा चिपळूणचा. ॲरिझोनात फिनिक्सच्या उत्तरेला प्रशिक्षण घेतले आणि नंतर तो परवाना भारतात रूपांतरित करून घेतला. त्यासाठी एअर रेग्युलेशन्सची परीक्षा मलाही द्यावी लागली आणि मीही पहिल्या प्रयत्नात नापास झालो, म्हणून हा धागा जवळचा वाटला.

तिकडे सगळे नकाशावर असते. फिनिक्सच्या मोठ्या विमानतळाभोवतीचा 'बी' वर्ग निळ्या जाड रेघांनी काढलेला असतो आणि प्रत्येक भागात वरची व खालची उंची छापलेली असते. त्याचा आकार म्हणजे उलटी ठेवलेली उतरंड : जमिनीलगत अरुंद आणि वर जाल तसतशी रुंद. आमचा छोटा विमानतळ 'डी' वर्गात होता आणि त्याच्या डोक्यावर त्या उतरंडीचा कठडा होता. चढताना दोनशे फुटांची हयगय झाली तर विनापरवाना मोठ्या विमानांच्या वाटेत शिरलो, असा हिशेब. 'बी' मध्ये शिरण्यापूर्वी नियंत्रकाच्या तोंडून प्रवेशाची परवानगी स्पष्ट शब्दांत ऐकावी लागते आणि शिकाऊ वैमानिकाला एकट्याने जायचे असेल तर प्रशिक्षकाने त्या क्षेत्राचे प्रशिक्षण देऊन लॉगबुकात तशी नोंद केलेली असावी लागते. 'सी' आणि 'डी' साठी मात्र दुतर्फा संपर्क झाला की पुरे. नियंत्रकाने आपली कॉलसाइन (विमानाचे रेडिओवरचे नाव) उच्चारून 'थांबा' म्हटले तरी संपर्क झाला असे धरतात. कॉलसाइन न घेता नुसते 'कोण बोलत आहे, थांबा' म्हटले तर झाला नाही. या एका बारकाव्यावर आमच्या शिक्षकांनी दोन दिवस घालवले होते.

भारतात परत आल्यावर माझी अडचण अशी झाली की डोक्यात तिकडचे आकडे पक्के बसलेले. ढगांपासूनचे अंतर मी १००० फूट वर, ५०० फूट खाली आणि २००० फूट आडवे असे लिहून आलो. इकडे वर-खाली दोन्हीकडे १००० फूट आणि आडवे १५०० मीटर. तिकडची दृश्यमानता ३ मैल, म्हणजे सुमारे ४.८ किलोमीटर. ५ च्या एवढी जवळ की मन म्हणते दोन्ही एकच. रात्रीचे दृश्य नियमांखालील उड्डाण तिकडे सर्रास चालते. इकडे सूर्यास्तानंतर २० मिनिटांपासून सूर्योदयापूर्वी २० मिनिटांपर्यंत ते बंद असते, फ्लाइंग क्लबांच्या स्थानिक व प्रशिक्षण उड्डाणांना नियंत्रकाने दिलेली सूट वगळून. तिकडे दृश्य नियमांची कमाल मर्यादा १८,००० फुटांखाली, इकडे फ्लाइट लेव्हल १५०, म्हणजे प्रमाण दाबावर मोजलेले १५,००० फूट. तिकडे साध्या दृश्य उड्डाणाला फ्लाइट प्लॅन भरणेही सक्तीचे नाही. येथे क्रॉस-कंट्रीला (दूरच्या ठिकाणच्या उड्डाणाला) निघताना एफआयसीचा (उड्डाण माहिती केंद्राचा) क्रमांक आणि हवाई दलाकडून येणारा एडीसी (हवाई संरक्षण परवानगीचा) क्रमांक वहीत लिहून घेतल्यावरच इंजिन सुरू करायचे, हे मला पहिले काही महिने जाचक वाटले. पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे आणि आपण प्रवासी तेथे पाहुणे आहोत, हे ध्यानात आल्यावर त्यामागचे कारण समजले.

वैनगंगेकाठी

सर्वांचे मनापासून आभार. तात्यांनी सांगितल्याप्रमाणे तीन जोड्यांचा तक्ता मी स्वतः तयार केला आणि चार दिवसांनंतरही तो विसरलेलो नाही. आता पुढची शंका. 'एफ' आणि 'जी' मध्ये ३००० फूट किंवा त्याखाली ढगांबाहेर राहून जमीन दिसत असली की पुरे, असा नियम आहे. हे ३००० फूट समुद्रसपाटीपासून की जमिनीपासून?

उजव्या_सीटवरून

ही शंका दर बॅचला येते. नियम आहे तो असा : समुद्रसपाटीपासून ३००० फूट किंवा जमिनीपासून १००० फूट, यांपैकी जे अधिक उंच असेल ते. किनाऱ्यावर रत्नागिरीला बसून वाचले तर उत्तरार्ध निरर्थक वाटतो. पुण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १९४० फुटांवर आहे, तेथे जमिनीपासूनचे १००० फूट म्हणजे २९४०, दोन्ही आकडे जवळजवळ जुळतात. महाबळेश्वरचे पठार सुमारे ४४०० फुटांवर. तेथे समुद्रसपाटीपासून ३००० फूट म्हणजे डोंगराच्या पोटात! म्हणून तेथे मर्यादा ५४०० च्या आसपास जाते. दृश्यमानतेची ५ किलोमीटरची अट याही ठिकाणी कायम आहे, ती सोडू नये.

फ्लाइट लेव्हलची गोष्टही उंची कशापासून मोजली याचीच आहे. आपल्याकडून नागपूरला जाताना दिशा साधारण २५० अंश, म्हणजे चुंबकीय १८० ते ३५९ च्या अर्ध्या वर्तुळात, म्हणून दृश्य नियमांखाली सम हजारांवर पाचशे : फ्लाइट लेव्हल ४५ किंवा ६५. परत येताना ०७० च्या आसपास, म्हणून विषम हजारांवर पाचशे : ३५ किंवा ५५. फ्लाइट लेव्हल मोजताना उंचीमापक १०१३.२ हेक्टोपास्कलवर लावलेला असतो. मे महिन्यात दुपारी क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबातला त्या वेळचा हवेचा दाब) १००२ असेल तर अकरा हेक्टोपास्कलांचा फरक झाला. एका हेक्टोपास्कलला सुमारे २७ ते ३० फूट धरले, तर यंत्र ४५०० दाखवत असताना आपण समुद्रसपाटीपासून प्रत्यक्षात ४२०० च्या आसपास असतो. एखाद्या क्षेत्राची मर्यादा उंचीत दिली आहे की लेव्हलमध्ये, हे न पाहता 'आपण वर आहोत' असे समजणारा मुलगा तीनशे फुटांनी आत असू शकतो.

एवढे लिहिले आहे तर आणखी एक. कंट्रोल झोनमध्ये ढगांचा तळ १५०० फुटांखाली आला किंवा जमिनीवरची दृश्यमानता ५ किलोमीटरखाली गेली, तर दृश्य नियमांखाली उतरता किंवा उडता येत नाही, त्यासाठी विशेष परवानगी मागावी लागते. अशी परवानगी असते हे माहीत असावे, पण शिकाऊ वैमानिकाने तिच्या भरवशावर निघू नये.

वैनगंगेकाठी

जवळपास दोन महिन्यांनी लिहितो आहे. परीक्षा पुढच्या सत्रात पुन्हा देणार आहे, पण त्याआधी एक अनुभव सांगायचा होता.

गेल्या आठवड्यात माझे नागपूरचे सोलो क्रॉस-कंट्री झाले. फ्लाइट प्लॅन, एफआयसी, एडीसी, नोटाम असे सगळे कागद आदल्या रात्री तयार ठेवले होते. सकाळी टाकी स्वच्छ दिसत होती. (ताई, आम्हीही आमच्याकडे एक टाकी शोधली आहे. ती ५ नव्हे, ६ किलोमीटरवर आहे.) फ्लाइट लेव्हल ४५ वर निघालो. भंडाऱ्यापर्यंतचा प्रदेश ज्यांनी वरून पाहिला आहे त्यांना ठाऊक असेल की खाली भाताच्या बांध्या आणि मालगुजारी तलाव यांखेरीज दुसरे काही दिसत नाही आणि पावसाळ्यानंतर भरलेले ते तलाव सगळे एकमेकांसारखे असतात. नकाशावर मी एका तलावाला खूण केली होती. खाली तसे चार होते. घड्याळाने सांगितले की तिसरा धरावा, आणि मी तो धरला. पुढे भंडाऱ्याजवळ वैनगंगेचे वळण आले तेव्हा जीव भांड्यात पडला, कारण नदीची गल्लत होत नाही.

तेथून रेडिओवर नागपूरशी संपर्क साधला. नियंत्रकांनी मला कंट्रोल झोनच्या बाहेर थांबायला सांगितले. कारणही सांगितले : एक प्रवासी विमान उतरणीवर होते. दोन महिन्यांपूर्वीचा मी बहुधा गोंधळलो असतो की संपर्क तर झाला, मग आत का नाही? आता मात्र मला ठाऊक होते की हा 'डी' वर्ग आहे, परवानगी मिळेपर्यंत मी बाहेरचा माणूस आहे आणि आत गेल्यावरही त्या विमानाला पाहणे माझेच काम आहे. मी 'रॉजर' म्हणालो आणि नदीवर डावीकडे वळत फेऱ्या सुरू केल्या. तिसऱ्या फेरीत ते विमान दिसले, माझ्यापेक्षा बरेच खाली, उन्हात पांढरे, आवाज न करता सरकणारे. दिसल्याचे कळवले. थोड्या वेळाने आत येण्याची परवानगी मिळाली. उतरल्यावर लॉगबुकात वेळ लिहिताना हात थरथरत होता, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

चौकस

वा! वाचताना मीच त्या फेऱ्या मारत होतो. शुभेच्छा.

टॉवरतात्या

अभिनंदन. फेऱ्या नदीवर मारल्या हे उत्तम केले, ठळक खूण धरून थांबावे. एक दुरुस्ती सुचवतो. आपण 'रॉजर' म्हणालो असे लिहिले आहे. 'रॉजर' याचा अर्थ आपले बोलणे ऐकले, एवढाच होतो. बाहेर थांबण्याची सूचना कॉलसाइनसह परत उच्चारून दाखवायला हवी, म्हणजे ती आपण पाळणार आहात हे नियंत्रकाला कळते. नुसत्या 'रॉजर'वर मी तरी समाधान मानले नसते.

वैनगंगेकाठी

हो, तात्या. त्यांनीही मानले नाही. माझ्याकडून सूचना पुन्हा म्हणवून घेतली, दोनदा.